बाबांनी दिलेली सागाची फळी टाकून देऊ का?

डोंबिवलीच्या एका वाचक लिहितात, की चिपळूणकडचं त्यांचं माहेरचं जुनं घर तीन वर्षांपूर्वी उतरवलं. तेव्हा वडिलांनी माजघराच्या दाराच्या सागातून गावच्या सुताराकडून भाजी कापायच्या दोन फळ्या करून घेतल्या. एक स्वतःकडे ठेवली, एक लेकीला दिली. लेकीने ती जिवापाड जपली. रोज रात्री साबणाच्या गरम पाण्यात भिजत घालायची, सकाळी घासायची आणि महिन्यातून दोनदा शेंगदाण्याचं तेल चोळायची. आता फळी हाताला चिकट लागते, खवट वास येतो, वरच्या बाजूला लांबट काळे डाग पडलेत, खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके आहेत आणि एका टोकाला चीर गेली आहे. सुरी गावच्या लोहाराकडची, लोखंडी. घरात आठवड्यातून दोन-तीनदा मासे असतात. सासूबाई म्हणतात, लाकूड रोग धरून ठेवतं, फेका आणि प्लॅस्टिकचा बोर्ड आणा. दिवाळीत वडील राहायला येणार आहेत. ‘टाकली तर बाबांना काय सांगू? आणि ठेवली तर घरातल्यांच्या पोटाशी खेळ होईल का?’

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मी इतकी काळजी घेतली तरी असं झालं.’ रागावू नका, पण फळीचे जे हाल झालेत त्यातले बरेचसे काळजीनेच झालेत. तिला तीन वर्षं रोज रात्रभर आंघोळ घातलीत, दुसरं काय होणार?

यात तुमचा दोष थोडा. आपल्या आज्या भाजी विळीवर चिरायच्या. विळीचं पातं हवेत असतं, भाजी दोन्ही हातांत. खाली पाट असला तरी धार त्यावर टेकत नाही. फळीवर सुरी चालवणं हे ओट्याबरोबर, उभ्याच्या स्वयंपाकाबरोबर आपल्याकडे रुळलं. बोर्ड आला, पण तो सांभाळायची रीत त्याच्याबरोबर आली नाही. मग आपण त्याला भांडं समजलो, आणि खरकटं भांडं म्हटलं की ते सिंकमध्ये भिजत टाकायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. खरं तर लाकडाची रीत घरात होतीच. भाकरीचं पीठ मळून झालं की काठवट कुणी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवत नसे. खरवडायची, धुवायची आणि भिंतीला तिरकी टेकवायची. तुमच्या फळीला तेवढंच हवं होतं.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाणी प्यायलं की ते रुंदीत फुगतं, सुकलं की आकसतं. लांबीत जवळजवळ हलतच नाही. टोकाला या नळ्यांची तोंडं उघडी असतात, त्यामुळे टोक सगळ्यात आधी पाणी पितं आणि सगळ्यात आधी सुकतं. मधला भाग अजून फुगलेला, टोक मात्र आकसलेलं, अशी ओढाताण झाली की टोक फाटतं. तुमची चीरही टोकालाच आहे. कोकणातल्या माजघरात कित्येक पावसाळे काढलेला साग होता तो. पावसाने जे केलं नाही ते घमेल्यातल्या पाण्याने केलं.

आता काळ्या डागांकडे येऊ. तुम्ही सरसकट ‘बुरशी’ म्हणताय, पण तुमच्या वर्णनात मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. बुरशी लांबट नसते आणि तिला सरळ कडही नसते. लोखंडी सुरी ओल्या फळीवर तशीच पडून राहिली, की लोखंड आणि लाकडातला तुरट अंश मिळून काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांपासून काळी शाई करत, त्यातलाच हा प्रकार. वरचा डाग सुरीच्या पात्याशी मापून बघा. जुळला तर ती शाई आहे, रोग नाही. लिंबू चोळून थोडी फिकट होईल, पूर्ण जाणार नाही, आणि न गेल्याने काही बिघडत नाही. बाजारात असे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड मिळतं. ते विषारी आहे, खाण्याच्या फळीवर आणू नका.

खालच्या बाजूचे ठिपके मात्र बहुधा खरी बुरशी. फळी ओट्यावर आडवी ठेवली की खाली हवा लागत नाही, आणि पावसाळ्यात डोंबिवलीची हवा स्वतःच ओली. परीक्षा सोपी आहे. घरगुती ब्लीचचा पोहे खायचा एक मोठा चमचा चार लिटर पाण्यात मिसळा, त्यात फडकं बुडवून ठिपक्यांवर पाच मिनिटं ठेवा. बुरशीचा रंग उतरतो, लोखंडाचा उतरत नाही. नंतर फळी स्वच्छ पाण्याने धुऊन उभी सुकवा. एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या: ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ज्या दिवशी ब्लीच, त्या दिवशी लिंबू नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. लाकडाला छिद्रं असतात, रस आत जातो, हे त्यांचं निरीक्षण बरोबरच आहे. पुढे काय होतं ते मात्र गमतीचं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लॅस्टिकच्या बोर्डांवर मुद्दाम जंतू सोडून पाहिले. १९९४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. लाकडावर सोडलेले जंतू आत शोषले गेले, तिथे त्यांची वाढ झाली नाही आणि ते हळूहळू मेले. नवं प्लॅस्टिक धुऊन स्वच्छ झालं, पण सुरीचे चरे पडलेलं प्लॅस्टिक हाताने घासून नीट साफ होईना, जंतू त्या चऱ्यांत टिकून राहिले. म्हणजे ‘प्लॅस्टिक स्वच्छ’ हे वाक्य नव्या प्लॅस्टिकपुरतं खरं. आपल्याकडे तर तो बोर्ड फाटेपर्यंत वापरतात, पांढऱ्याचा पिवळा होतो आणि मधे खरखरीत खड्डा पडतो तरी.

यावरून ‘लाकडावर काहीही कापा’ असा अर्थ मात्र काढू नका. मासळीचं पाणी, कोंबडीची चरबी यांचा थर बसला की लाकडाची शोषण्याची सोयच बंद होते. शिवाय खरा धोका बोर्ड कशाचा आहे यात कमी आणि क्रमात जास्त असतो: आधी बांगडे साफ केले आणि त्याच फळीवर कोशिंबिरीची काकडी चोचवली. काकडी शिजत नाही. म्हणून मासे-मटणाला वेगळा बोर्ड ठेवा. तो प्लॅस्टिकचा असला तर उत्तम, कारण त्यावर उकळतं पाणी ओतता येतं आणि चरे पडले की हळहळ न करता फेकता येतो. सागाची फळी भाजी, फळं, पाव यांच्यापुरती. त्यात सासूबाईंचं म्हणणंही राहतं आणि तुमची फळीही. सासूबाई मासे विळीवरच साफ करत असतील तर प्रश्न आणखी सोपा.

आता थोडं थांबा. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी ‘माजघराच्या दारा’पाशी अडखळले. त्या दाराला रंग होता का?

आपल्याकडे जुन्या दारांना हिरवा, निळा, तपकिरी ऑइलपेंट सर्रास मारलेला असे, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त असू नये, असे नियम भारतात २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तुमचं दार त्याआधीचं. दाराला रंग नसेल, तर वाळवी लागू नये म्हणून आणखी काही लावलं होतं का, हेही विचारा. कोकणात काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायची जुनी पद्धत आहे. ते ताजं असताना कातडीला फोड आणतं, खाण्याच्या वस्तूवर नकोच. नुसतं चपडीचं पॉलिश असेल तर चिंता नाही, ती लाख आहे.

सुताराने सगळ्या बाजूंनी रंधा मारून आतलं कोरं लाकूड काढलं असेल तर बहुधा सगळं ठीक आहे. तरी उजेडात नीट बघा: खिळ्यांची भोकं, कोपरे, कडा. तिथे रंगाचा कण जरी दिसला तरी ती फळी अन्नासाठी बंद. तिला घरी पॉलिश पेपरने घासायचंसुद्धा नाही, कारण शिशाची धूळ फळीपेक्षा वाईट, आणि घरात लहान मूल असेल तर फारच वाईट. अशा फळीवर व्हार्निशचा हात मारून ती भिंतीवर लावा. माजघराच्या दाराची आठवण भिंतीवरही राहते. हे स्पष्ट होईपर्यंत फळी वापरात घेऊ नका आणि पुढचं काहीही करू नका.

रंग नव्हता असं कळलं, की मग चिकटपणाकडे वळा. तेल लावावं हे तुम्ही बरोबर वाचलंत, तेल कोणतं ते चुकलं. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी ही तेलं लाकडात पूर्ण सुकत नाहीत आणि ताजीही राहत नाहीत. हवा लागून अर्धवट घट्ट होतात आणि खवट होतात. कढईच्या बाहेरच्या बाजूला जो चिकट पिवळा थर चढतो ना, तोच तुमच्या फळीवर चढलाय. स्टीलच्या उलथन्याची कड तिरपी धरून तो खरवडा. भरपूर जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन चोळा, साबणाच्या थेंबाने धुवा, दोन दिवस उभी सुकू द्या. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि त्यानंतर २२० नंबरचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. शेवटी ओल्या फडक्याने पुसून सुकवलंत की बारीक रोम उभे राहतील. त्यावर पुन्हा एकदा २२० फिरवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात फळी पुन्हा खरखरीत.

चिरेत नख घालून बघा. नख जात नसेल, नुसती रेघ असेल, तर सोडून द्या. नख जात असेल तर टोमॅटोचं बीही जाणार. अशा चिरेत एम-सील किंवा फेविकॉल भरण्याचा मोह होतो, तो टाळा. अन्नाला लागणाऱ्या जागी ते भरायचं नसतं, आणि लाकूड पुन्हा हललं की ते सुटतंच. त्यापेक्षा नाक्यावरच्या सुताराला सांगून चीर संपते तिथपर्यंतचं टोक कापून घ्या. फळी चार बोटं लहान होईल. चीर अर्ध्याहून पुढे गेली असेल तर मात्र तिची कापण्याची नोकरी संपली. गरम पातेल्याखाली ठेवायला छान.

तेलासाठी औषधांच्या दुकानात जा आणि लिक्विड पॅराफिन मागा. हे पोट साफ होण्यासाठी देतात, त्यामुळे दुकानदार सहानुभूतीने बघेल, बघू द्या. पारदर्शक, वास नसलेलं तेल हवं. त्याच कामाचं पांढरं, गोड, दुधासारखं औषध मिळतं ते नको. आणि जुन्या इंग्रजी वळणात पॅराफिन म्हणजे रॉकेल, त्यामुळे कुणी हार्डवेअरच्या दुकानातून काही आणून दिलं तर परत पाठवा. हे तेल सुकत नाही, पण खवटही होत नाही. प्रत्येक बाजूला मोठा चमचाभर घ्या, कडांना आणि टोकांना जास्त, कारण पिणारी तोंडं तिथेच आहेत. रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसा. असं ओळीने तीन-चार दिवस करा. पुढे महिन्यातून एकदा पुरे. पाण्याचा थेंब वर मोत्यासारखा न राहता आत जिरायला लागला की वेळ झाली असं समजा. हौस असेल तर चार भाग या तेलात एक भाग मधमाशांचं मेण घालून, पातेल्यात पाणी आणि त्यात वाटी ठेवून वितळवा. थेट गॅसवर नको. गार झालं की लोण्यासारखं होतं, पावसाळ्यात फार उपयोगी.

खोबरेल चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीचे विचारतील. चालतं. शेंगदाणा तेलापेक्षा ते पुष्कळ उशिरा खवट होतं. अगदी पातळ हात द्या, रिफाइंड असेल तर बरं. जवसाचं तेल लाकडात खरोखर सुकतं, पण हार्डवेअरवाल्याकडचं ‘बॉइल्ड’ जवस तेल नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याचं जवस तेल लावलंत तर सुकायला आठवडे लागतील. आणि ते लावलेलं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. सुकताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं पाण्यात भिजवून मग टाका.

रोजचं काम मात्र एवढंसं आहे. कापून झालं की लगेच, मिनिटभरात, दोन्ही बाजू नळाखाली धरून स्क्रबर आणि साबणाच्या थेंबाने धुवायच्या. दोन्ही बाजू म्हणतेय ते मुद्दाम. माझा एक शिसवी बोर्ड मी वरूनच धुवायची आणि आडवा ठेवायची. तो बशीसारखा वाकला, कांदा चिरताना होडीसारखा डुलायचा. शेवटी त्याची खोलगट बाजू ओल्या फडक्यावर खाली, फुगीर बाजू वर आणि त्यावर गव्हाचा डबा ठेवून दोन दिवसांत सरळ केला. तर, धुवा, पुसा आणि कडेवर उभी करा, दोन्हीकडून हवा लागेल अशी. गॅसच्या मागे नको, तिथल्या धगीने तडकते.

हळदीचा डाग पडला की सोडा किंवा साबण चोळून लाल होईल, घाबरू नका. हळद उन्हाने जाते. सकाळचं कोवळं ऊन तासभर पुरे. मे महिन्याच्या गच्चीवर फळी ठेवलीत तर हळदीबरोबर फळीही जाईल. कांदा-लसणाच्या वासाला मीठ-लिंबू आहेच.

पोळपाटालाही हेच लागू. पोळपाटावर पीठ वाळू द्यायचं नाही, इतकीच भर. आणि नवा बोर्ड घेणार असाल तर चकाकणारं पॉलिश नसलेला, निदान इंचभर जाडीचा घ्या. साग आणि शिसव टिकतात, सागाने सुरीची धार जरा लवकर जाते एवढंच. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि देखणं, पण त्याला कीड फार. खाली पिठासारखा भुसा पडायला लागला की समजा आत पाहुणे आलेत. चिंचेचं लाकूड मिळालं तर सोडू नका, खाटकाचा ठोकळा उगाच चिंचेचा नसतो. काचेचा बोर्ड कुणी भेट दिला तर त्यावर चीज मांडा, सुरी चालवू नका.

राहिला बाबांचा प्रश्न. तुम्ही धरून चाललात की फळीचं वाटोळं झालेलं बघून त्यांना वाईट वाटेल, म्हणून दिवाळीपर्यंत काहीतरी निकाल लावायचा. पण दाराला रंग होता का, रंधा किती खोल मारला, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणजे फोन तर करावाच लागणार आहे. आणि तुमच्याच पत्रात आहे, की फळ्या दोन केल्या होत्या. त्यांच्याकडच्या फळीवर रंगाचा कण निघाला तर तीही थांबवावी लागेल, तेव्हा विचारणं त्यांच्याही भल्याचं. फोनवर सगळं सांगा, भिजवण्यासकट. आणि त्यांच्या फळीचा फोटो मागवा, दोन्ही बाजूंचा. तिच्यावरही सुरीच्या आकाराचा काळा डाग निघाला तर मला नक्की कळवा.